वरून ओतलेली कॉफी

माझ्या नातीचा पाय तिच्या बालशाळेच्या शिकवणीमुळे भाजला, असं आमच्या घरात सगळे मानतात. तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे.

तेव्हा ती चार वर्षांची होती. सून पुण्याची. लग्न होऊन चेन्नईला आली तेव्हा आमची तंजावरची मराठी ऐकून ती तोंडावर हात ठेवून हसली होती. ते मी विसरलो नव्हतो. अण्णा नगरातली ती शाळा तिनेच शोधलेली. तिथे अक्षरं गिरवत नसत. मुलं एका लहान जगमधून दुसऱ्यात पाणी ओतत, रुमालांच्या घड्या घालत, सांडलेलं स्वतः पुसत.

"भांडी घासायला कधी शिकवणार?" मी एकदा जेवताना विचारलं. "आपल्या कामवालीबरोबर पाठवली असती तरी शिकली असती."

"शिकवलंय, अप्पा," सून म्हणाली. "उद्यापासून तुमचं ताट तीच घासेल."

मुलगा मोठ्यानं हसला.

दोघंही शोळिंगनल्लूरला नोकरीला. दुपारी नातीला मीच घरी आणायचो. त्या दुपारी मी कॉफी केली. आमच्याकडे कॉफी पेल्यातून डवऱ्यात, म्हणजे काठाच्या खोलगट वाटीत, हातभर उंचीवरून ओततात. तसा फेस येतो. नात समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"ताता, मी ओतू? मी शाळेत सांडत नाही."

मी पेला दिला. दोन्ही हातांनी धरून, पेल्याचा काठ डवऱ्याला टेकवून तिनं हळूहळू ओतली. थेंब सांडला नाही. तेच मला सोसलं नाही.

"हे काय ओतणं? फेस कुठाय? परत घे. हात वर कर."

तिनं थोडा वर केला.

"आणखी वर. तंजावरची ना तू? का पुण्याची?"

"ताता, गरम आहे."

"गार पाणी ओतून मोठी शहाणी झालीस. वर!"

तिनं पेला डोक्याच्या वर नेला. ती सांडणार हे मला दिसत होतं. सांडावं, आणि संध्याकाळी सुनेला ते ऐकवावं, एवढ्यासाठीच मी थांबलो होतो. कॉफी तिच्या मांडीवर पडली.

दवाखान्यात तिच्या आईबापाची वाट बघताना मी तिला जवळ घेतलं आणि पढवलं, "ताता बाहेर पेपर वाचत होते. तू आपणहून पेला घेतलास. हो ना?" ती रडत होती. रडता रडता तिनं मान हलवली. ती नीट सांगेपर्यंत मी पुन्हा पुन्हा विचारलं.

मुलानं तिला शाळेतून काढलं. बायकोला म्हणाला, "तुझी हौस फिटली?" मला बरोबर घेऊन शाळेत गेला आणि तिथल्या बाईंवर ओरडला. त्यांनी हात जोडून माफी मागितली, माझीसुद्धा. मी ती घेतली.

आता नात तिसरीत आहे. मांडीवरची कातडी चुरगळलेली आहे. घरात ती कशाला हात लावत नाही. पाणी हवं असलं तरी हाक मारते. मुलगा पाहुण्यांना सांगतो, "हिच्या हातात काही देऊ नका, सांडते." ती पाहुण्यांबरोबर हसते.

गेल्या आठवड्यात मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. ती मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होती.

"नाही, ताता," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात. चष्मा लावून. मी दारातून बघितलं, आणि मग पेला घेतला."

"अगं, ते मी तुला पढवलं होतं. मी तिथंच होतो. मीच म्हटलं, वर कर."

"मला आठवतंय ना!" ती चिडून म्हणाली. "चूक माझी होती. तुम्ही कशाला उगाच माझ्यासाठी खोटं बोलता?"