माळवदावरचा समुद्र

आमच्या सोलापुरात उन्हाळ्यात माळवदावर दोन गोष्टी साठतात, माती आणि किस्से. माती निदान रोज झाडता येते. किस्से झाडायला गेलं की कोपऱ्यातून आणखी चार निघतात, आणि झाडणारी केरसुणी टाकून तिथंच ऐकत बसते!

माळवद म्हणजे घराचं सपाट मातीचं छप्पर. आमच्या गल्लीतली माळवदं एकमेकांना खेटून आहेत. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, की आम्ही वर घागरभर पाणी शिंपडायचो. तापलेल्या मातीतून वाफ आणि वास एकदमच उठायचा. मग सतरंजी, मोगऱ्याची ओंजळ, भाजलेल्या शेंगा. लांब किल्ल्याचे बुरूज गुलाबी होत होत विरून जायचे. त्या वेळी आपण घराच्या वर बसलोय की घरच हळूहळू कुठंतरी निघालंय, कळायचं नाही.

त्या उन्हाळ्यात घर खरंच निघालं होतं. मी बी.ए. होऊन पुण्याहून परत आले होते आणि दादाला आफ्रिकेत, मोंबासाला, रेल्वेत नोकरी लागली होती. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ताबडतोब निकाल दिला, "मुलगा जाईल. सून इथं राहील." तात्या गिरणीत हेडक्लार्क होते, आणि ते गिरणीतच सोडून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही!

वहिनीला कोणी विचारलंच नाही. ती नातेपुत्याकडची. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

*

माळवदाला उजेडासाठी एक भोक होतं. बरोबर त्याच्याखाली तात्यांची बैठक. हे मला चांगलं ठाऊक होतं, पण संतापलेल्या माणसाला भोकं दिसत नाहीत.

"तात्यांना सुनेची काळजी नाही!" मी सतरंजीवर उभी राहून भाषण ठोकत होते. "सुनेच्या हातच्या भाकरीची काळजी आहे!"

जमिनीखालून आवाज आला, "भाकरीची नाही, पिठल्याची! भाकरी तुझी आईसुद्धा करते!"

आई माझ्या शेजारीच शेंगा सोलत होती. ती उठली, भोकाशी गेली आणि वाकून म्हणाली, "'सुद्धा' म्हणजे काय हो?"

दुसऱ्या दिवशी तात्या गिरणीतून येताना मोगरा घेऊन आले!

*

वहिनीनं समुद्र पाहिला नव्हता. "केवढा असतो वो?" तिनं दादाला विचारलं.

"सिद्धेश्वराचं तळं पाहिलंस ना? तेच, फक्त पलीकडचा काठ नाही."

"काठच न्हाय, तर मानसं उतरत्यात कुटं?"

दादा इंजिनियर! त्याला नकाशाशिवाय काही समजावता येत नाही. त्यानं तांब्याभर पाणी माळवदावर ओतलं, बोटानं पसरलं. "हा समुद्र. ही शेंग मुंबई. ही इकडची मोंबासा. आता बोट अशी निघते..." तो बोटीचं नाव सांगत होता, वारा कुठून येतो ते सांगत होता, रात्री पाण्यात चांदण्या कशा हलतात तेही सांगत होता. आम्ही सगळ्याच त्या ओल्या डागाकडं बघत होतो.

पण दिवसभर तापलेलं माळवद ते! दादा अर्ध्या वाटेवर होता तोवर सगळं पाणी पिऊन टाकलं त्यानं. दोन शेंगा कोरड्या मातीवर समोरासमोर.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. "आटला की तुमचा समुद्र! आता मी येती चालत!"

हसलो सगळेच. पण तिला जायचं आहे, हे त्या घरात पहिल्यांदा तेव्हा कोणाला तरी कळलं. आईनं त्यातली मोंबासा उचलली आणि सोलून वहिनीच्या हातावर ठेवली.

*

दुसऱ्या दिवसापासून आईनं पापड, कुरडया, सांडगे यांचा सपाटा लावला. पाय ठेवायला माळवद उरेना, म्हणून शेजारच्या लक्ष्मक्काच्या माळवदावरही पसरले. लक्ष्मक्का तेलुगू, घरात हातमाग, दिवसभर साड्या विणायची आणि मराठीचं लिंग स्वतःच्या सोयीनं ठरवायची.

"एवढे कोणासाठी?" तात्यांनी विचारलं.

"उन्हासाठी," आई म्हणाली. "ऊन फुकट जातंय."

रविवारी कावळे हाकायला तात्यांना बसवलं. डोक्यावर ओला पंचा, हातात काठी. मी खाली माझं भाषण पाठ करत होते. स्त्रीचा हक्क, पत्नीचं स्थान, नवं युग. आज तात्यांना ऐकवायचंच, असं ठरवून मी तरातरा जिना चढले.

तात्यांनी एक पापड उचलला, वाकवून पाहिला, कान जवळ नेऊन मोडला आणि आईला म्हणाले, "हे असे बोटीत सादळतील. अजून ऊन द्या."

लक्ष्मक्का पलीकडून माझ्याकडं बघत ओरडली, "ऐकला का गं सुमन! तुमचा सून निघाली!"

माझं भाषण अजून माझ्याजवळच आहे. कोणाला हवं असेल तर सांगा!

*

निघणं ठरलं आणि आईला आठवलं, की दिवाळीला वहिनी इथं नसणार. संक्रांतीलाही नसणार. नागपंचमीला कोण मेंदी लावणार?

"मग आत्ताच करू या," मी म्हणाले.

तात्या म्हणाले, "पंचांगात बसत नाही."

"माळवदावर बसतं," आई म्हणाली.

आणि आम्ही सगळे सण केले, रोज संध्याकाळी एक! भर वैशाखात दिवाळी झाली. कठड्यावर पणत्या लावल्या, तेव्हा गल्लीत कोणी विचारलं, "कोण जिंकलं हो?" नागपंचमीला वहिनीनं दारात झोका नाही म्हणून लक्ष्मक्काच्या मागावरचा दोर मागितला. लक्ष्मक्कानं दिला नाही, पण हात पुढं करून मेंदी लावून घेतली. वहिनी गावाकडची गाणी म्हणायची, लक्ष्मक्का तिची तेलुगू म्हणायची, आणि वारा कुठलं गाणं कुठल्या माळवदावर नेतोय याचा हिशेब कोणीच ठेवत नव्हतं.

संक्रांत तेवढी फसली. उकाड्यानं तिळगुळाच्या वड्या पडेचनात. पातेल्यात नुसता पाक! सगळ्यांनी बोटांनी चाटला. पंचांगवाले तात्या सर्वांत शेवटी वर आले, बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं. मग थोडा पाक माझ्या तळहातावर ठेवून गंभीरपणे म्हणाले, "तिळगूळ घे, आणि थोडं बोल!"

*

आता शेवटचा किस्सा. मुंबईची गाडी सकाळची होती. तात्यांचा शिरस्ता असा, की गाडीच्या आधी स्टेशन उघडायला आपणच! आम्ही पोचलो तेव्हा हमालसुद्धा जांभया देत होते. बरोबर लक्ष्मक्काही, वहिनीसाठी विणलेलं लुगडं काखेत घेऊन.

सामान लावायला म्हणून सगळेच डब्यात चढलो. आई पापडांचा डबा बाकाखाली कसा ठेवायचा ते सांगत बसली. लक्ष्मक्का पाय वर घेऊन बसली. आणि तात्या! तात्या खिडकीशी वहिनीसमोर बसले आणि तिला विचारू लागले, नातेपुत्याला यंदा ज्वारी कशी झाली, विहिरीला पाणी किती, तुझ्या बापाची ती म्हैस व्याली का. वर्षभरात त्यांनी तिला एवढं कधी विचारलं नव्हतं.

घंटा झाली. "तात्या, उतरा!" मी म्हणाले.

"हो, हो. मग म्हैस?"

"लई ग्वाड पारडी झाली, मामंजी. कपाळावर चांद हाय तिच्या."

शिट्टी झाली. मी आईचा हात ओढला, लक्ष्मक्काला हलवलं, तात्यांच्या कानाशी ओरडले, "गाडी सुटली!"

"सुटणारच. गाडी आहे ती," तात्या म्हणाले. "पारडीचं नाव काय ठेवलं?"

सोलापूर मागं सरकलं. गिरणीची धुराडी, मग नुसती उघडी काळी रानं, उन्हात हळूहळू फिरणारी. मी संतापानं लाल झाले होते. वेळेची एवढी शिस्त सांगणारा माणूस, आणि ऐन वेळी हे! आता बिनतिकिटाचा दंड, शिवाय अब्रू! पण डब्यात माझ्याशिवाय कोणाला काळजीच नव्हती. आईनं दशम्या सोडल्या होत्या. वहिनी सगळ्यांना वाढत होती. दादा कधी नव्हे तो नकाशा न काढता नुसता खात होता.

मोहोळ मागं पडलं आणि टी.सी. आला. दादानं आपली दोन तिकिटं दाखवली. टी.सी.नं आमच्याकडं पाहिलं. मी उठले, घसा खाकरला आणि बी.ए.च्या इंग्रजीत खुलासा सुरू केला.

तात्यांनी दशमीचा घास संपवला, हात पुसला आणि कोटाच्या आतल्या खिशातून तिकिटं काढून टी.सी.च्या हातात दिली. त्यांचं, आईचं, माझं आणि लक्ष्मक्काचंसुद्धा!

टी.सी.नं ती पाहिली. "कुर्डुवाडीपर्यंत," तो म्हणाला. "आणि परतीची?"

तात्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते कुर्डुवाडीला बघू."