एकही नट बदललेला नाही

कालव्याचं पाणी जिथं उंचावरून एकदम खाली उतरतं, तिथं एक दगडी वीजघर आहे. आत एकच यंत्र. ते सांभाळणाऱ्याला सगळा परिसर डायनामोमामा म्हणतो. खरं नाव मामींना ठाऊक असेल, पण त्याही घेत नाहीत.

मामा या दारातून पहिल्यांदा आत आले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. यंत्र घुमू लागलं की ते बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवतात, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. एरवी बोलायला कंजूस माणूस. पण कुणी पाहुणा यंत्र बघायला आला की मामांची गाडी उताराला लागायची. "आजोबांच्या काळातलं आहे. एकही नट बदललेला नाही!" हे वाक्य म्हणताना छाती अशी फुगायची, की जणू ते यंत्र त्यांच्याच घरात जन्मलं होतं.

खरं सांगायचं तर नटाचं काय घेऊन बसलात, यंत्राचं काळीजच बदललेलं होतं. एका पुरात ओंडके आत शिरले, पाण्याचं चाक मोडलं, जनरेटर भिजून जळाला. वीज कंपनीने दोन्ही नवे बसवले. पण तो करडा, चकचकीत जनरेटर काळ्या दगडात मामांना बघवेना. लग्नघरात चुकून शिरलेल्या परक्या माणसासारखा तो उभा. त्यांनी त्याला जुन्यासारखा गडद हिरवा रंग दिला आणि अंगावर कोरलेलं सालसुद्धा पुट्टीने बुजवून टाकलं. पुढे कंपनी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, बसवणारी माणसं निवृत्त झाली, जुने कागद कुठल्या गोदामात पडले कुणाला माहीत. राहिली फक्त मामांची गोष्ट, आणि सांगून सांगून ती त्यांना स्वतःलाच खरी वाटू लागली.

अशात राज्य सरकारने नियम काढला. वीज विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या विजेचा ठरावीक वाटा ऊन, वारा आणि पाणी यांच्यापासूनच घ्यायचा, आणि तो वाटा दरवर्षी वाढवत न्यायचा. नाही जमलं तर दंड. कुठल्या वीजघराची वीज या वाट्यात धरायची, हे ठरवायला सरकारी निरीक्षक फिरू लागले.

एका सकाळी कंपनीच्या इंजिनिअरबाई निरीक्षकांना घेऊन वीजघरात आल्या. बाई फाटक लावून घ्यायला मागे थांबल्या, तेवढ्यात निरीक्षक पुढे झाले आणि त्यांनी सहज विचारलं, "किती जुनं आहे हो हे?"

झालं! मामांनी मिशीवरून हात फिरवला. "आजोबांच्या काळातलं, साहेब. एकही नट बदललेला नाही."

"असं? मग प्रश्नच मिटला." निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

बाई धावत आत आल्या त्या हे ऐकतच. त्यांनी मामांना कोपरापाशी धरून बाहेर कालव्याच्या काठावर नेलं.

"मामा, काय बोलून बसलात! नियम नव्या विजेसाठी आहे. जुन्या वीजघराचं चाक आणि जनरेटर अलीकडे बदललेले असतील, तरच त्याची वीज धरतात."

"पाण्यात कुठं जुनं-नवं असतं, मॅडम?"

"पाण्यात नसेल, नियमात असतं. आणि वाट्यात न धरलेली वीज कंपनीला परवडत नाही. पलीकडच्या माळावर सौर पॅनेल टाकतील आणि याला कुलूप लावतील. खरंच काही बदललेलं नाही?"

मामा घराच्या वाटेला लागले. "जेवून येतो," एवढंच म्हणाले.

जेवायला अजून वेळ होता. मामी भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हातातली काडी मोडली आणि म्हणाल्या, "मग सांगून टाका की पुराचं."

"कुठल्या तोंडाने सांगू? आख्ख्या परिसराला वर्षानुवर्षं सांगत आलोय. लोक म्हणतील, डायनामोमामा थापाड्या."

"म्हणू देत. आजवर काय थोडं म्हणतात? लोकांनी खरं धरावं म्हणून ते यंत्र बंद पाडणार आहात का? ते मेल्यावर त्याच्या अंगावर मानाची शाल घालायची हौस दिसतेय तुम्हाला."

"तू गप बस."

"मी बसते गप. तुम्ही मात्र उठा."

मामा उठले. फळीवरची पुट्टीची पत्री घेतली, पॉलिशपेपर घेतला आणि परत आले. निरीक्षक बाहेर चहाचा शेवटचा घोट घेत होते. मामा कुणाशी न बोलता आत गेले, झडप हळूहळू फिरवून पाणी बंद केलं. घुमणं मंदावलं आणि थांबलं. त्या शांततेनेच सगळे आत आले.

मामा जनरेटरच्या अंगावरचा हिरवा रंग खरवडत होते. पोपडे पायावर पडत होते. मग पुट्टी निघाली, आणि खालून कारखान्याचा ठसा आणि साल वर आलं.

निरीक्षक वाकले. आकड्यांवरून बोट फिरवलं. "हे बुजवलं कुणी?"

"मी."

"कशासाठी?"

"नवं दिसत होतं म्हणून."

निरीक्षकांना हे उत्तर कुठल्या रकान्यात बसवावं कळेना. "मघाशी तर छातीठोक सांगत होतात."

"मघाशी खोटं बोललो, साहेब. आणि मघाशीच नाही, कायमच." मामांचे कान लाल झाले होते. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. चाकाचं झाकण उघडतो, तिथलं साल मी बुजवलेलं नाही. पाण्यात होतं, कुणाला दिसणार होतं?"

झाकण उघडायला वेळ लागला. बोल्ट गंजले होते. बाईंनी बाही मागे सारून पान्याला हात लावला. विजेरीच्या उजेडात चाकाच्या मध्यावर तेच साल दिसलं. निरीक्षकांनी फोटो काढले, पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि मामांना निवेदनावर सही करायला सांगितली. यंत्र पुरानंतर बदललं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मामांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

"धरतील?" बाईंनी विचारलं.

"धरावं लागेल," निरीक्षक म्हणाले. "या सालातलं चाक आणि जनरेटर, दोन्ही नियमात बसतात."

ते गेले. बाई हसत हसत फोनवर कुणाला तरी सांगत फाटकाकडे गेल्या. मामांनी झाकण घट्ट बसवलं आणि झडप उघडली. पाणी आत घुसलं, चाक जरा अडखळलं आणि घुमू लागलं. त्यांनी सवयीने बेअरिंगवर हात ठेवला.

इतकी वर्षं आपण एका म्हाताऱ्याची सेवा करतोय, असं त्यांना वाटत आलं होतं. आज हिशेब उलटा निघाला. या वीजघरात सगळ्यात जुने आता मामाच होते.