सांडूबा मिस्तरी आणि भिजलेला डॅशबोर्ड

सांडूबा मिस्तरी यांचा जन्म फुलंब्रीकडच्या एका मेंढपाळ कुटुंबात झाला. बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला, तेव्हा ते शहरात आले आणि शहागंजात ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात रंधा मारू लागले. त्या रंध्याने त्यांना भाकर दिली आणि नावही दिले. सांडूबांनी बसवलेली फळी कुरकुरत नाही, असे बाजारात बोलले जाई. सन दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात हेच नाव मातीत घातले गेले, तेव्हा त्यांच्या अंगाची लाही झाली.

नाव घालवणारे गृहस्थ तात्यासाहेब. माळरानाचे प्लॉट पाडून विकणे हा त्यांचा धंदा. ज्या माळावर सांडूबांच्या वडिलांनी मेंढरे चारली, तिथेच तात्यासाहेबांचा बंगला उभा राहिला होता. त्यांच्याकडे जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. लाल, दोन माणसांची, बिनछपराची. तिचा लाकडी डॅशबोर्ड सांडूबांनीच सागवानातून घडवून दिला होता. आता क्रांती चौकातून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती आणि डॅशबोर्ड फुगून मीटर तिरपे झाले होते. तात्यासाहेबांनी चौकातल्या चहाच्या टपरीवर सर्वांदेखत सांगितले, "सांडूनं कुजकं लाकूड मारलं."

हे कानावर येताच सांडूबा हत्यारांची पिशवी घेऊन बंगल्यावर गेले. त्यांनी स्क्रू काढले आणि फळी उलटी केली. पुढची बाजू अजून चमकत होती. मागची काळी पडून भुसभुशीत झाली होती. मागून पॉलिश मारलेच नव्हते. गाडीच्या आत कोणी पाणी ओतेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आले नव्हते. त्यांच्या घरी भाजी धुतलेले पाणी भांड्यांना आणि भांड्यांचे पाणी संडासाला वापरत.

"अंगद, एवढं पाणी आलं कुठून रं?" त्यांनी ड्रायव्हरला विचारले.

अंगदने मान खाली घातली. "रोज धुतो, मिस्तरी. आतून-बाहेरून, पाइपानं. साहेबाला धूळ खपत नाय."

"रोज?"

"व्हय. बंगल्याला येगळा टँकर येतो."

सांडूबांना स्वतःचा राग आला आणि त्याहून मोठा राग त्या पाइपाचा आला. घरी येऊन त्यांनी भामाबाईंना, म्हणजे पत्नीला, सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "मागून पालिश मारा अन् मोकळे व्हा."

"मागून पालिश मारलं म्हंजी धुवा बिनघोर, असं मीच सांगितल्यावाणी झालं."

"अन् नाय मारलं तर? पुन्हा कुजंल, पुन्हा तुमच्याच नावानं शिमगा."

भामाबाईंचे म्हणणे खरे होते, म्हणून ते जास्तच झोंबले. सांडूबांनी नवी फळी घेतली. या वेळी पुढून, मागून, कडांना, मीटरच्या भोकांच्या आतूनसुद्धा पॉलिश दिले. दात-ओठ खाऊन दिले, पण हात आखडला नाही.

फळी बसली. तात्यासाहेबांनी तिच्यावरून हात फिरवला. "आधीच असं केलं असतं तर? अंगद, सीटवरचा भुसा धुऊन टाक."

अंगदने नळ सोडला. पाइपातून फरशीवर पाणी वाहू लागले. सांडूबा गाडीचे बुटके दार उघडून स्टिअरिंगसमोर जाऊन बसले.

"मिस्तरी, उठा, भिजाल," अंगद म्हणाला.

"भिजू दे. आमच्या गल्लीत नळ कवा आला, याद नाय. आज आंघोळ तरी हुईल."

तात्यासाहेब हसले. "म्हातारा चळला. ए सांडू, गाडी माझी, पाणी माझं. ऊठ."

"गाडी तुमची, कबूल. पाण्याचं टँकरवाल्याला इचारा. तो आमच्या गावाकडच्या शिवारातल्या हिरीवर भरतो. तिथं आमच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्यात, अन् तुम्ही हितं सीट धुता." त्यांनी नव्या फळीवर बोट ठेवले. "मागून पालिश नव्हतं, ती माझी चूक. ती मी भरून दिली. चौकात माझं नाव घेतलं तसं आता पाइपाचंबी घ्या."

"अंगद, मार पाणी," तात्यासाहेब ओरडले.

अंगद पाइप हातात धरून उभा राहिला. मग नळाकडे गेला आणि तो बंद करून आला. "साहेब, भुसा फडक्यानंबी निघतो," एवढेच तो म्हणाला.

तात्यासाहेब फोन कानाला लावून आत निघून गेले. चौकातला शब्द त्यांनी मागे घेतला नाही, पुढेही कधी घेतला नाही. अंगद फडके शोधू लागला. फरशीवरचे पाणी वाळेपर्यंत सांडूबा सीटवरून उठले नाहीत. ऊन असे होते की, त्याला फार वेळ लागला नाही.