शुक्रवारचा गुरुवार

सई आणि नील, तुमचे आजोबा जाऊन आता सहा आठवडे होतील. गेल्या आठवड्यात सईची मेल आली. तिने विचारलं होतं, ‘आजी, आजोबा मंगळवारी गेले की बुधवारी? माझ्या कॅलेंडरमध्ये मंगळवार आहे आणि बाबांनी बुधवार लिहिलाय. खरं काय?’ दोन्ही खरं आहे. इथे चेन्नईत बुधवारची पहाट होती. हॉस्पिटलची नर्स बाहेर आली आणि माझ्याशी तमिळमध्ये बोलताना एकदम थांबली, तेव्हाच मला कळलं. मी तुमच्या बाबांना फोन लावला तेव्हा तुमच्याकडे मंगळवारची संध्याकाळ होती आणि तुम्ही जेवायला बसला होतात. तेव्हा सई, तू मंगळवार ठेव, मी बुधवार ठेवते. आजोबा असते तर त्यांनी तुला या प्रश्नावर तासभर समजावलं असतं, कागदावर पृथ्वीचा गोळा काढून. त्यांनी हा विषय भलत्याच प्रकारे शिकून घेतला होता. ती हकिगत त्यांनी तुम्हाला कधी सांगितली नसणार, कारण तीत त्यांची चूक आहे. माझीही थोडी आहे. म्हणून आता मी सांगते.

तुम्हाला आजोबा आठवतात ते सुट्टीतले. मी पाहिलेला माणूस रोज सकाळी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांमधून वाट काढत अड्यारची बस पकडणारा होता. मी सांगलीची, ते तंजावरच्या मराठी घराण्यातले. त्यांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं, वरून तमिळची फोडणी. ते शोधायचे नाहीत, हुडकायचे. ‘बरं’ म्हणायच्या ठिकाणी ‘सरि’ म्हणायचे. माझी बहीण पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली तेव्हा दोन दिवस ऐकून मला स्वयंपाकघरात म्हणाली, “तुझा नवरा पोथीतून उठून आल्यासारखा बोलतो गं.” ते ऐकून हेच सर्वांत जास्त हसले.

त्यांची कंपनी कारखान्यांतले मोठे वजनकाटे दुरुस्त करायची आणि तपासून द्यायची, ज्यावर अख्खी लॉरी उभी राहते तसले. हे तिथे हिशेबनीस म्हणून लागले, आणि ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा दुसरं कुणी हात लावेना म्हणून त्याचे झाले. पुढे सगळी यंत्रणाच त्यांच्याकडे आली. दोन हजार सहाच्या सुमाराला ऑफिसात दोन ठिकाणी तारखा लिहिल्या जात. कोणत्या गिऱ्हाइकाकडे कोणता माणूस कधी जाणार, हे कामकाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कलैसेल्वी नावाची बाई भरायची. पण साहेब लोक बघत ते मेल सर्व्हरवरचं कॅलेंडर, आणि गिऱ्हाइकाला ‘आमचा माणूस अमुक दिवशी येईल’ ही मेल जायची तीही तिथूनच. एकीकडचं दुसरीकडे हाताने उतरवताना घोळ व्हायचे. म्हणून यांनी महिनाभर खपून दोघांमध्ये एक जोडणी बसवली. इकडे लिहिलं की दर पंधरा मिनिटांनी आपोआप तिकडे उतरणार. “दोन वह्या, पण हात एकच,” असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा चेहरा असा होता की जणू घरात नातवंड जन्मलं आहे.

कलैसेल्वी तेव्हा चाळिशीची असेल. तमिळ माध्यमातून शिकलेली, कमी बोलणारी, आणि कामात माझ्यासारखीच काटेकोर. बारा वर्षं ती गिऱ्हाइकांचे फोन घेऊन एका मोठ्या जाड डायरीत शाईने तारखा लिहीत आली होती. जोडणी सुरू झाली त्या दिवशी यांनी ती डायरी मागून घेतली आणि कपाटात ठेवली. “तिसरी वही ठेवलीस तर तिसरी चूक होईल,” असं तिला समजावलं. तिने डायरीवरची धूळ पदराने पुसून दिली, हे त्यांनीच मला त्या दिवशी सांगितलं होतं, हसत.

त्यानंतर दोन महिन्यांत दोन तक्रारी आल्या. आमचा माणूस ठरल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी उगवला म्हणून. तिसरी तक्रार आवडी नावाच्या इथल्या उपनगरातल्या एका कारखान्याची होती आणि ती मोठी होती. काट्याची पूर्ण तपासणी म्हणजे अख्खा दिवस काटा बंद. त्यांनी गुरुवारी काटा बंद ठेवला, लॉऱ्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, आणि दिवसभर कुणी आलंच नाही. शुक्रवारी आमचा माणूस वजनं घेऊन हजर झाला तेव्हा पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही. कारखान्याकडे आमच्याच कंपनीची मेल होती, तीत गुरुवार होता. कलैसेल्वीच्या पडद्यावर शुक्रवार होता. एम.डीं.नी, म्हणजे कंपनीच्या मुख्य साहेबांनी, तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती एकच वाक्य बोलत राहिली, “वेळ्ळिक्किळमै दान पोट्टेन, सार.” म्हणजे, मी शुक्रवारच घातला होता. एम.डी. म्हणाले, “मग मेलमध्ये गुरुवार कुठून आला? तू आधी गुरुवार घातलास, आणि बोंब झाल्यावर गुपचूप शुक्रवार केलास.” मग त्यांनी यांच्याकडे पाहिलं. “राव, तुमची जोडणी आपल्या मनाने वार बदलते का?” आणि हे म्हणाले, “नाही सर. मी तपासली आहे. भरू तेच तिकडे जातं.”

चुकीवरून आता गोष्ट खोटेपणावर गेली. डायरी असती तर तिने पान उघडून दाखवलं असतं. शनिवारी तिने राजीनामा दिला. एम.डी. सोमवारी त्यावर सही करणार होते.

शनिवारी हे घरी आले आणि शर्टही न बदलता बसून राहिले. मी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “बारा वर्षांत ती बाई एकदा खोटं बोलल्याचं आठवत नाही मला. पण यंत्र कशाला खोटं बोलेल?”

रविवारी सकाळी आमच्या भटजींचा फोन आला. माझ्या सासूबाईंचं श्राद्ध त्या आठवड्यात होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तिथी गुरुवारच्या चौकोनात छापली होती, आणि भटजी म्हणत होते श्राद्ध बुधवारी करा. मी त्यांना मध्येच तोडून म्हटलं, छापलंय ते काय चुकीचं आहे? ते म्हणाले, चूक नाही, तिथी बुधवारी दुपारी लागते आणि गुरुवारी सकाळी संपते; कॅलेंडरवाला सूर्योदयाला बघतो, श्राद्धाला दुपार बघतात. फोन ठेवून मी यांना ते सांगितलं. हे पेल्यातून डबऱ्यात, म्हणजे इथल्या पसरट वाटीत, कॉफी वरखाली करत उभे होते.

“म्हणजे तिथी एकच, आणि वार दोन?” त्यांनी विचारलं.

“दिवस कुठून मोजायचा त्यावर आहे,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं? तुमचा दिवस मध्यरात्रीपासून, कॅलेंडरवाल्याचा सूर्योदयापासून.”

“आणि सर्व्हरचा?” असं म्हणून त्यांनी डबरा खाली ठेवला. कॉफी तशीच राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “त्याचा दिवस ग्रीनिचचा... आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा सुरू होणारा...”

मला ते त्यांनी नंतर सांगितलं तसं सांगते. कलैसेल्वी दहा वाजताची भेट लिहायची तेव्हा सगळं नीट जायचं, कारण तासाचं गणित जोडणीला येत होतं. पण काम अख्ख्या दिवसाचं असलं की ती ‘पूर्ण दिवस’ लिहायची. जोडणी त्याला शुक्रवारची मध्यरात्र समजायची. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा ग्रीनिचला अजून आदली संध्याकाळच असते. म्हणून ती गुरुवार संध्याकाळ म्हणून पलीकडे पाठवायची, आणि तिकडचं कॅलेंडर ‘पूर्ण दिवस आहे ना, मग तास कशाला’ म्हणून संध्याकाळ पुसून नुसता गुरुवार ठेवायचं. यांनी जोडणी तपासली होती ती सगळी तासांच्या भेटी घालून. पूर्ण दिवस घालून पाहायचं सुचलंच नव्हतं. “दिवसाला वेळ नसते गं,” ते म्हणाले. “मी त्याला वेळ दिली.”

ते तसेच बसने अड्यारला गेले, बंद ऑफिस उघडवून घेतलं आणि तीन वाजता परत आले. मी ताट वाढून बसले होते. हात धुताना पाठमोरेच म्हणाले, “तिन्ही वेळा पूर्ण दिवस होता. तिन्ही वेळा जोडणीनेच मागे ढकललं. चूक माझी.”

आता माझी गोष्ट. यांना निवृत्त व्हायला चार महिने होते, आणि एम.डीं.नी आणखी दोन वर्षं ठेवून घेण्याची गोष्ट काढली होती. हे त्या ऑफिसाबाहेर काय करतील याची मला धास्ती होती. मी म्हटलं, “दुरुस्त करून टाका. एम.डीं.ना सांगा सिस्टिममध्ये काहीतरी गोंधळ होता, राजीनामा घेऊ नका. ती राहील, तुम्हीही राहाल. कुणाचंच वाईट नाही त्यात.” मला अजूनही तो सल्ला वेडेपणाचा वाटत नाही, पण तो मी दिला होता हे तुम्हाला माहीत असावं. ते जेवत होते. ताटातला भात संपवला. मग म्हणाले, “दुरुस्त केलं की पुढचं सुधारेल. मागचं कसं सुधारेल? ती खोटारडी म्हणून राहायची, आणि मी तिला सांभाळून घेतलं म्हणून मोठा व्हायचा... नको.”

संध्याकाळी त्यांनी इंग्रजीत एक पत्र लिहिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलेली बाई मी, हातात लाल पेन घेऊनच बसले. त्यांनी लिहिलं होतं, ‘जोडणी बनवताना मी चूक केली.’ मी ते खोडून लिहिलं, ‘जोडणीत एक चूक आढळून आली आहे.’ कर्मणी प्रयोगाची ही सोय मी वर्गात किती वेळा शिकवली असेन. करणाऱ्याचं नाव न घेता वाक्य पुरं होतं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “आढळून आली? रस्त्यात पडली होती काय?”

“असंच लिहायची पद्धत आहे,” मी म्हटलं. “सभ्य दिसतं.”

“सरि. ती सभ्य चूक तुझ्या मुलींना दे. ही माझी आहे,” असं म्हणून त्यांनी माझी खाडाखोड खोडली आणि आपलं वाक्य परत लिहिलं. खाली आणखी एक वाक्य वाढवलं, की मी न तपासता कलैसेल्वी यांच्याविरुद्ध बोललो आणि त्या पहिल्यापासून खरं सांगत होत्या. त्या वाक्यात ‘विरुद्ध’साठी वापरलेला इंग्रजी शब्द चुकला होता. तो मात्र त्यांनी मला सुधारू दिला.

सोमवारी ते पत्र एम.डीं.ना गेलं, ऑफिसातल्या प्रत्येकाला गेलं, आणि आवडीच्या कारखान्यालाही गेलं. मग हे कलैसेल्वीच्या टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये तेच तोंडी सांगितलं. तिने माफ केलं वगैरे असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, “सार, तुम्ही यंत्राला विचारलंत. मला एकदा विचारायचं होतं.” घरी आल्यावर हे वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितलं. राजीनामा तिने परत घेतला, पण दोन दिवस घेतले त्याला. यांनी डायरी कपाटातून काढून तिच्या टेबलावर ठेवली तर तिने ती उघडलीही नाही.

एम.डीं.नी यांना आत बोलावलं. “राव, आतल्या आत मिटलं असतं. गिऱ्हाइकाला कशाला कळवलंत?” एवढंच म्हणाले. दोन वर्षांची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही. त्यांनी काढली नाही, आम्ही विचारली नाही. चार महिन्यांनी हार, शाल आणि वडा आणि केसरी शिऱ्याचा नाश्ता होऊन हे घरी आले. सुरुवातीचे काही महिने मला जड गेले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाल्कनीत बसायचे. मी त्यावर कधी बोलले नाही, आणि ‘मी म्हटलं होतं’ हे वाक्य तोंडाशी आलं तेव्हा गिळलं. हा माझा एक चांगुलपणा मोजा.

आता जे मला माहीतच नव्हतं ते. तेराव्याला कलैसेल्वी आली. ती आता त्या ऑफिसात नव्या मुलींना काम शिकवते. माझ्या शेजारी खाली बसली, आणि सांगू लागली. ते पत्र दिल्यावर राहिलेले चार महिने हे रोज दुपारी चार वाजता तिच्या टेबलापाशी यायचे, दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची यादी घ्यायचे आणि एकेकाला स्वतः फोन करून विचारायचे, ‘आमचा माणूस तुमच्याकडे कोणत्या वारी यायचाय, तुम्ही काय लिहून ठेवलंय?’ वार सांगायचे नाहीत, विचारायचे. शेवटच्या दिवशी हार गळ्यात असतानाच चारचे फोन केले आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. मला त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

मी तिला विचारलं, “आता तर यंत्र नीट चालतं ना?”

“नीट चालतं, अम्मा,” ती म्हणाली. “कधीच चुकत नाही. तरी विचारते म्हणून नव्या मुली हसतात मला.” मग पदराने डोळे पुसून, घड्याळाकडे बघून उठली. साडेतीन होत आले होते.

सई, नील, त्या ऑफिसातलं सॉफ्टवेअर यंदा बदललं. यांनी बसवलेली जोडणी काढून टाकली, तिच्यातली एक ओळही आता कुठे चालू नाही. चारचे फोन चालू आहेत.