कॉलरमावशींची मोटर

एक डोळा गॅसवरच्या दुधावर आणि दुसरा सुईवर ठेवून मावशी सकाळीच मशीनवर बसल्या होत्या. तीस वर्षं घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना कॉलरमावशी म्हणे. मध्यंतरी गुडघ्याने संप पुकारला, तेव्हा पायमशीनला मुठीएवढी मोटर बसवली आणि काम तरलं.

आता सरकार नवा कायदा आणत होतं. मशीनला मोटर असेल, तर ते घर म्हणजे कारखाना. परवाना काढा, नाहीतर मशीन बंद.

"स्वयंपाकघराला परवाना देतंय कोण!" सून फणफणली होती.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर विरोधी पक्षाच्या आमदार बाई.

"निवडणूक तर झाली की हो," मावशींनी टोला हाणला.

"मतं नकोत मावशी, मोटर दाखवा. त्या कायद्यात दुरुस्ती मांडायचीय."

"तुमची डोकी किती, त्यांची किती! हरणारच ना तुम्ही?"

"हरणारच. पण मतदानाआधी समिती बसते. तिथे आम्ही विचारलं, की उत्तर द्यावंच लागतं त्यांना."

मावशींनी दुधाखालचा गॅस बंद केला. मग स्क्रू काढून मोटर जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि बाईंच्या हाती दिली.

बाईंनी ती समितीच्या टेबलावर ठेवली. "हा बघा कारखाना." मंत्री हसले, मग अधिकाऱ्यांकडे वळून बघू लागले. मोटर म्हटल्यावर त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीच आली होती. घरातली कुणी पाहिलीच नव्हती.

बाईंची दुरुस्ती मतदानात आपटली. आठवड्याने मंत्र्यांनी तीच स्वतःच्या नावाने आणली आणि मंजूर करून घेतली: घरात एकटीने चालवलेलं मशीन कारखाना नाही, मोटर असो वा नसो.

"अक्कल बाईंची आणि मिरवतोय मंत्री!" सून चिडली.

"अगं, मी शिवलेल्या कॉलरी ताठ करून कोण कोण हिंडतं, मी जाते का विचारायला? काम राहिलं ना!"

संध्याकाळी बाई स्वतः आल्या. चहा झाला. उठता उठता म्हणाल्या, "मावशी, आणखी काही मागणं असेल तर सांगा, पुढच्या अधिवेशनात मांडते."

"मांडू नका काही. तीन आठवडे पाय मारून गुडघा सुजलाय माझा. त्या टेबलावरची मोटर तेवढी परत आणून द्या."