समुद्रावरून आमची वाडी

आमच्या घरी भात शिमग्यापर्यंत पुरायचं. मग नाचणी. नाचणीही सरत आली की आई कमी बोलायची, एवढंच आम्हा पोरांना कळायचं. वडील मुंबईत एका खानावळीत भांडी घासत. आमची मूठभर घरांची वाडी पोलादपूरच्या वर, उमरठच्याही पलीकडे, डोंगराच्या सड्यावर, माथ्यावरच्या सपाटीवर. गाडीरस्ता नव्हता. आई सकाळी दुधाची किटली डोक्यावर घेऊन खाली उतरायची आणि मीठ-तेल घेऊन वर चढायची. म्हशींना सुट्टी नसते, म्हणून तिलाही नसायची. नवरा मुंबईत असून तिने मुंबई पाहिली नव्हती, ती याच कारणाने.

चुलतीने पाहिली होती. चुलत्याबरोबर ती थोडी वर्षं तिकडे राहून आली आणि येताना जन्मभराचा अधिकार घेऊन आली. दवाखाना असो, शाळा असो, सोयरीक असो, वाडीत शब्द तिचा चालायचा. आईला कोणी काही विचारत नसे.

थंडीच्या दिवसांत हवा स्वच्छ असली की सड्यावरून संध्याकाळी पश्चिमेला अगदी टोकाला एक चकाकती रेघ दिसते. आई म्हणायची, तो समुद्र. चुलती म्हणायची, ते धुकं.

"समुद्र मी पायलाय गो. तो असा पडून राहत नाय, हलतो. तू पोलादपूरच्या खाली कधी उतरली नाय, नि मला समुद्र दाखवतेस?"

बायका हसायच्या. आईही हसायची. पण गुरं वळवायला ती मुद्दाम त्याच कड्याकडे जायची, हे मी पाहिलेलं आहे.

मी महाडला राहून बी.एस्सी. झालो. वाडीतला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. पुढे ड्रोन घेतला, उडवायचं रीतसर शिकलो. पाचाडकडची लग्नं, वरंध घाटात दरड कुठून सुटली त्याचं चित्रण, अशी कामं मिळू लागली. पहिल्याच थंडीत तो सड्यावरून उडवला, आईसाठी. पण त्या कॅमेऱ्याची नजर रुंद. जवळचं सगळं मावतं आणि लांबचं बारीक होत जातं. नुसत्या डोळ्याला दिसणारी रेघ पडद्यावर सापडेना. चुलतीने मोबाईल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "याला पण धुकंच दिसतंय."

आईने त्यावर बरेच दिवस विचार केला असावा. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "इथनं समुद्र दिसतो, तर समुद्रावरनं आपली वाडी दिसायला पायजे."

मला ते पटलं. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ आपल्याच किनाऱ्यासमोरून जाते. जहाजावरून ड्रोन वर चढवायचा, तोंड डोंगरांकडे करायचं, आणि आईला तिची वाडी दाखवायची. ठरलं. महाडला तिकिटं काढून देणाऱ्याला विचारलं, ड्रोन चालेल का? तो म्हणाला, कॅमेराच आहे ना, मग काय अडचण. चुलतीने आठवडाभर म्हशी सांभाळायचं कबूल केलं. आम्ही निघताना ती एवढंच म्हणाली की वाडी दिसली नाही तर दिसली असं सांगू नका.

बंदरात सामान तपासणीच्या यंत्रातून गेलं आणि माझी बॅग बाजूला काढली गेली. एकाने सांगितलं, ड्रोन नेता येईल पण उडवता येणार नाही. दुसऱ्याने सांगितलं, नेताही येणार नाही. तिसरा आला, त्याने विचारलं, हवाय कशाला? मी खरं ते सांगितलं, आमची वाडी बघायची आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वाडी कुठे, तर पोलादपूरच्या वर. मग समुद्रावर का चाललाय? हे मी समजावत गेलो तसतसं मलाच ते पटेनासं झालं. शेवटी चिठ्ठी बांधून ड्रोन त्यांनी जहाजावरच्या कुलपाच्या खोलीत ठेवला, उतरताना मिळेल म्हणाले. नियम आधी विचारून घ्यायला हवा होता, आणि विचारलाही होता, पण चुकीच्या माणसाला.

आईला वाटलं, आपल्यालाही तिथूनच परत पाठवणार. ती पिशवी पोटाशी धरून उभी होती.

जहाजावर तर आम्ही दोघं पुरते भांबावलो. डोंगरात दिशा विचारावी लागत नाही, चढ कुठे आणि उतार कुठे यावर सगळं कळतं. इथे सगळीकडे सपाट. मी वरच्या डेकवर उभा राहून मनातल्या मनात ड्रोन उडवून पाहिला. परतीचं बटण दाबलं की तो जिथून उडाला त्या जागेवर येऊन उतरतो. आमच्याकडे ती जागा तिथेच असते. इथे मी बटण दाबेपर्यंत जहाज पुढे गेलेलं असतं, आणि ड्रोन निमूटपणे पाण्यात उतरला असता. ज्यांनी तो काढून घेतला त्यांनी तो वाचवला. त्यांच्यावरचा माझा राग मात्र कमी झाला नाही.

जाताना अंधारच होता. येताना दिवसाउजेडी किनारा दिसला, पण फार लांब. खालचं पाणी हिरवट, त्यापलीकडे एक फिकट पट्टी, तिच्यावर निळसर काहीतरी. आई कठड्याला धरून दुपारभर उभी राहिली. जेवणाची वेळ झाली तरी हलेना. आपला डोंगर कुठला, म्हणून ती मला विचारत होती आणि मी मोबाईलमधला नकाशा फिरवत होतो. नकाशात आमचा निळा ठिपका पाण्यात होता आणि रेंज गेलेली. मी एका बाजूला बोट दाखवलं. ती म्हणाली, मघाशी तू तिकडे दाखवलंस.

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "धुक्यावानी दिसतंय रे. हे डोंगर हायत का तरी?"

मी म्हटलं, असतील.

"मंग बाय बोलते ता खरं का काय?" बाय म्हणजे चुलती.

मला माहीत नव्हतं. पदवी असून मला ते माहीत नव्हतं. आणि ती, जी इतकी वर्षं एकटी हट्टाने समुद्र म्हणत आली होती, तिचा चेहरा उतरला.

मुंबईला ड्रोन परत मिळाला. मी ठरवलं होतं, घरी गेल्यावर दिसली म्हणून सांगायचं. कोण तपासायला जाणार आहे.

वाडीत पोचलो तर चुलतीच्या पडवीत बायका जमलेल्या. चुलतीने चहा ठेवला, आधी म्हशींचं सांगितलं, कुठली किती दूध देते ते, आणि मग विचारलं, दिसली का? मी तोंड उघडायच्या आत आईनेच उत्तर दिलं.

"नाय दिसली, बाय. तिथनं आपलं डोंगर नुसतं धुक्यावानी दिसतात. हायत का नाय तेच कळत नाय."

कोणीतरी हसायला सुरुवात केली. चुलती हसली नाही. तिने चहाचा पेला आईच्या हातात दिला आणि खाली बसली.

"तिथनं आपला डोंगर धुकं दिसतो?"

"व्हय."

"डोंगर तर हाय. आपण बसलोय त्याच्यावर." तिने पश्चिमेकडे हात केला. "मंग इथनं धुकं दिसतंय, तो समुद्रच असंल गो."

आईला ते लगेच कळलं नाही. मलाही नाही. ती चुलतीकडे बघत राहिली, ही थट्टा करतेय का म्हणून.

चुलती थट्टा करत नव्हती. आता वाडीत कोणी पाहुणा आला आणि पश्चिमेची ती रेघ कसली म्हणून त्याने विचारलं, तर चुलती स्वतः सांगते, तो समुद्र, आणि बाकीचं विचारायला त्याला आमच्या आईकडे पाठवते.