बाचे दात

मी आज जो काही आहे तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे. आम्ही तिला बाई म्हणतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि मला जाता यावं म्हणून आठवीत शाळा सोडून डोक्यावर मासळीची टोपली घेतली ती तिनं. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडीच्या बाजूला. गावाला मोठं तळं, आणि त्या तळ्यात जाळं टाकणारा आमचा बा.

बाचे वरचे दोन दात पुढे आलेले होते आणि त्यांच्यामध्ये फट होती. जाळं विणताना नायलॉनचा दोरा तो त्याच दातांत धरायचा आणि गाठ आवळायचा. संध्याकाळी तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, येताना त्या फटीतून शीळ घालायचा. ती ऐकू आली की बाई भात चढवायची. तो पाय धुऊन बसेपर्यंत भात होत यायचा.

ते दात माझ्याकडे आले. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला तार बसवायला सांगितलं, तेव्हा बा हसला. म्हणाला, "मंग दोरा कायनं धरन पोरगा?" पुढच्या पावसाळ्यात तो तापानं गेला. त्याचा एकच फोटो आहे, मच्छीमार सोसायटीच्या कार्डावरचा. त्यात त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं आहे. फोटोत दात दिसू नयेत, असं त्याला वाटलं असेल.

मी भंडाऱ्याला शिक्षक झालो. 'स' म्हणताना माझ्या तोंडातून बारीक शीळ निघे आणि मागच्या बाकावरून तिची नक्कल होई. तिशी ओलांडल्यावर तार लावता येते हे मला माहीत नव्हतं. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हिरड्या चांगल्या असल्या की वय आड येत नाही, फक्त वेळ जास्त लागतो. त्यांनी टेबलावर तीन नमुने मांडले. चांदीसारखी तार, दाताच्या रंगाची तार, आणि काढता-घालता येणारा पारदर्शक साचा. मी दाताच्या रंगाची घेतली. कुणाला दिसू नये, एवढीच इच्छा होती.

बाईला फोनवर सांगितलं, तोंडाला तार लावली. दुपारी ती दारात हजर. हातात डबा, त्यात काटे काढून शिजवलेली मासळी. आमच्याकडचा एक जण वरठीच्या स्टील कारखान्यातून येताना मोटारसायकलवरून पडला होता, तेव्हा त्याचा जबडा तारेनं बांधला होता. बाईला तार म्हणजे तेवढीच ठाऊक.

"कोनं मारलं तुले?" तिनं आत येण्याआधीच विचारलं.

मी तोंड उघडून दाखवलं आणि सगळं समजावलं. तिनं वाकून पाहिलं. "चांगल्या दाताइले तार कायले गा?" एवढंच म्हणाली, आणि डबा माझ्या बायकोच्या हातात दिला.

तार निघाली त्या आठवड्यात मी गावी गेलो. बाई अंगणात मासे साफ करत होती. मी हसलो. ती हसली नाही. विळी बाजूला ठेवून म्हणाली, "तू हासला का तोंडावर बा येत होता. आता येत नाही."

त्यानंतर ती माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडे पाहते, असं मला वाटू लागलं. झोपताना घालायला डॉक्टरांनी रिटेनर दिला होता. तो घातला नाही तर दात जुन्या जागी सरकतात, असं बजावलंही होतं. मी तो घालणं सोडलं. काही महिन्यांनी बारीक फट पडली. दाढी करताना मी तिच्यातून फुंकून पाहायचो. नुसती हवा यायची.

मग एका दुपारी घराच्या मागच्या बाजूनं शीळ आली. तीच. हातातला पेपर टाकून मी मागे गेलो. माझी मुलगी कपडे वाळत घालत होती. तिचे दुधाचे दात पडून नवे आले होते, वरचे दोन पुढे, मध्ये फट.

डॉक्टर म्हणाले, हेच योग्य वय. तिलाही तार हवी होती, वर्गातल्या मैत्रिणींना होती. मी परीक्षा होऊ दे म्हणालो, मग दिवाळी होऊ दे म्हणालो. ती एकदा म्हणाली, "दात माझे आहेत ना, बाबा?" मी तिला गावी घेऊन गेलो.

संध्याकाळी ती पाळीवर फिरायला गेली. मी बाईजवळ अंगणात बसलो होतो. पाळीवरून शीळ आली. बाई बोलता बोलता उठली आणि आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी आत डोकावलो तर गॅसवर भाताचं आधण आणि बाई भिंतीला टेकून उभी.

मुलगी आली. तिनं थेट आत्यालाच विचारलं, तार लावू का म्हणून. बाईनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"लाव बेटा," ती म्हणाली. मुलगी बाहेर गेल्यावर बाईनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मेलेल्या मानसाले पोरीच्या तोंडात कायले ठेवाव गा?"

परत आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो. मुलीचं ठरवलं, आणि त्यांच्या कपाटातून माझी एक जुनी वस्तू मागून घेतली. मुलीची तार बसल्यावर ती डब्यात भरून बाईला पाठवली, सोबत हे पत्र.

बाई,

फोनवर हे मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे. पोरीनं तार लावली. तारेवरचे जांभळे रबर तिनंच निवडले. सुरुवातीला दुखलं, आता नीट जेवते. शीळ अजून वाजते. फट मिटली की थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर जमेल तेव्हा तिला तुझ्याकडे आणत जाईन.

डब्यात कापसात गुंडाळलेला दातांचा प्लास्टरचा साचा आहे. माझे दात सरळ करण्याआधी डॉक्टरांनी घेतला होता. उघडताना घाबरू नकोस. दात माझे आहेत, पण तू ओळखशील.

बाची राख आपण पवनीला वैनगंगेत सोडली, तेव्हा तू मला काठावरच थांबवलं होतंस. हा साचा घरात ठेवावासा वाटला तर ठेव. सोडावासा वाटला तर एकटी जाऊ नकोस. मला बोलाव. मी येतो.

तुझा बाबू